मेंढीच्या रागाचे अभ्यासक : डॉ. सिद्रामप्पा हंगरगी

जुना कोंडवाडा येत्या सोमवारी सकाळी रिकामा करून घ्यावा, असा ठराव म्युनिसिपालिटीच्या आरोग्य समितीने काल मंजूर केला. ही बातमी ऐकीव नाही. समितीचे अध्यक्ष रावसाहेब यांनी ती काल दुपारी मला स्वतः सांगितली. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितली. हा कोंडवाडा म्हणजे डॉक्टर सिद्रामप्पा हंगरगी यांची प्रयोगशाळा. सरकारी पशुवैद्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, तेव्हा ही पडीक जागा म्युनिसिपालिटीनेच त्यांना वापरायला दिली होती. आत भिंतीला लागून फळ्या आहेत, फळ्यांवर बरण्या आहेत, आणि बरण्यांत एडक्यांचे, मेंढ्यांचे, बोकडांचे मेंदू आहेत. अंगणात चार म्हाताऱ्या मेंढ्या आहेत. एका माणसाच्या उभ्या आयुष्याचे काम एवढ्या जागेत मावलेले आहे.

हा गौरवग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा रविवार असेल. त्या दिवशी हायस्कुलाच्या सभागृहात डॉक्टरांना साठ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल समारंभ आहे, आणि त्यांच्या खांद्यावर शाल घालणार आहेत ते गौरव समितीचे अध्यक्ष, म्हणजे हेच रावसाहेब. रविवारी शाल घालायची आणि सोमवारी गाडी पाठवायची, यात आमच्या शहरातल्या एकाही प्रतिष्ठित गृहस्थाला काही वावगे दिसलेले नाही. अध्यक्षांचा शुभसंदेश पहिल्या पानावर आहे. त्यातले एक अक्षरही मी बदललेले नाही. 'आमच्या शहराचे भूषण' हे शब्द त्यात आहेत. वाचकांनी ते पान आधी वाचावे आणि मग हे.

या जागी माझा दुसरा लेख जुळवून तयार होता. काल रात्री तो सोडवून अक्षरांचे खिळे परत खणात टाकायला सांगितले. छापखाना चालवणाऱ्याला वेळेचे भान सोडून चालत नाही. शेवटच्या पानांचा फर्मा आज यंत्रावर चढला पाहिजे, म्हणून हा लेख एका बैठकीत लिहिला आहे. त्यात राग दिसला तर तो माझा समजावा. डॉक्टरांना या प्रकरणात अजून राग आलेला नाही. त्यांना राग येतो तो चुकीच्या जागी वापरलेल्या शब्दाचा, आणि तोच आमच्या ओळखीचा आरंभ आहे.

मी तेव्हा साप्ताहिकात नवा होतो. जत्रेतल्या एडक्यांच्या टकरींचा वृत्तांत मी मोठ्या हौसेने लिहिला होता. जिंकलेला एडका 'आपल्या पौरुषाला जागला' आणि हरलेल्याने 'बायकीपणाने पाठ फिरवली', असे माझे शब्द होते. अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी भवानी पेठेतल्या आमच्या कचेरीत लांब कोट आणि रुमाल घातलेले एक गृहस्थ आले. हातात अंक होता.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"हरलेल्या एडक्याचा पुढचा खूर उचलून पाहिला होता का तुम्ही?"

मी म्हणालो, नाही.

"सडला होता तो. तीन पायांवर उभा होता बिचारा. त्याला बायकी कशावरून म्हणता? आणि बायकी म्हणजे काय, ते तरी तुम्हाला ठाऊक आहे? नुकती व्यालेली मेंढी कधी पाहिलीये?"

"लांबून पाहिलीय."

"लांबूनच पाहा. जवळ गेलात तर वृत्तांत लिहायला हात राहणार नाही. दुरुस्ती छापा."

एका एडक्याच्या अब्रूसाठी आमच्या साप्ताहिकाने दुरुस्ती छापली. पेठेत महिनाभर लोकांनी माझी चेष्टा केली. माणसांविषयी चुकीचे छापले गेले तरी इतक्या तातडीने कुणी कचेरीत येत नाही, हे मात्र माझ्या ध्यानात राहिले, आणि मी डॉक्टरांकडे जाऊ लागलो.

व्यालेल्या मेंढीविषयी ते जे बोलले होते, त्यामागे त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत करमाळ्याकडे घोड्यावरून फिरतीवर असताना एका कळपात ते शिरले. कळपातला सर्वांत दांडगा एडका घोडा पाहून बाभळीच्या आड गेला. एक मेंढी मात्र डोके खाली घालून सरळ घोड्याच्या पायांवर आली. तिच्या मागे ओले कोकरू उभे राहण्याची खटपट करीत होते. चार दिवसांपूर्वी हीच मेंढी पोराने टाळी वाजवली तरी पळत होती, असे कळपवाल्याने त्यांना सांगितले. डॉक्टर घोड्यावरून उतरले आणि त्यांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो अजून उतरलेला नाही. एकाच डोक्यात काल भीती होती, आज राग आहे. मग हा राग काल कुठे होता? आणि एडक्याचा राग ऋतू आला की येतो, कारण नसताना येतो, दुसरा एडका दिसला की येतो. हे दोन राग एकच की वेगळे? नराच्या मेंदूत काही अधिक आहे, की मादीच्या मेंदूत काही झाकलेले आहे?

हा प्रश्न मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून विचारला असता तर त्याला मान मिळाला असता. सोलापुरात विचारल्यामुळे लोकांनी त्यांना 'मुंडीवाले डॉक्टर' हे नाव दिले. मटण बाजारातले कासिमभाई त्यांच्यासाठी डोकी बाजूला काढून ठेवीत. जनावर कापण्याआधीच त्याच्या कानाला त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सुताचा तुकडा बांधलेला असे. लाल सूत म्हणजे टकरी खेळलेला एडका, पांढरे म्हणजे बडवून खच्ची केलेला, हिरवे म्हणजे व्यालेली मेंढी, आणि पिवळे म्हणजे कधीच न व्यालेली. हे तुकडे भवानी पेठेतल्या विणकरांच्या घरून येत. बाजारात सकाळी सकाळी मी हे संभाषण अनेकदा ऐकले आहे :

"डाक्टरसाब, आज लाल एक, हरे दो. पीला नहीं मिला."

"पिवळं का नाही?"

"क्या करूँ साब, हमारे मुल्क में कुँवारी मेंढी बुढ्ढी नहीं होती!"

यावर सगळा बाजार हसे आणि डॉक्टरही हसत. मग ते डोके फडक्यात गुंडाळून सायकलीला अडकवून निघत, आणि रस्त्यातले सोवळेवाले भिंतीला चिकटून उभे राहत.

त्यांना काय सापडले, हे या ग्रंथात कुणीतरी सरळ सांगायला हवे, कारण बाकीच्या लेखांत 'थोर संशोधन' हे शब्द आहेत आणि संशोधन नाही. परदेशी मासिकांतून डॉक्टरांनी वाचले होते की, मांजराच्या मेंदूचा वरचा भाग काढून टाकला तरी त्याचा राग जात नाही. तो मेंदूच्या बुडाशी कुठेतरी असतो. त्यांनी तीच जागा एडक्यांत आणि मेंढ्यांत वर्षानुवर्षे कापून, रंगवून, आपल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नराची आणि मादीची ती जागा त्यांना सारखीच दिसली. 'फरक नाही' असे ते म्हणत नाहीत. 'माझ्या भिंगाला फरक दिसला नाही' असे म्हणतात. कुणी विचारले तर पुढे म्हणतात, "मोठं भिंग आलं की कुणाला तरी दिसेल. तोवर मी सारखीच म्हणतो, पण उसनं म्हणतो."

त्यांचा अंदाज असा आहे : रागाची वाट दोघांच्याही डोक्यात आहे. तिच्यावरची आगळ कोण काढतो, एवढाच फरक. एडक्याची आगळ वृषणातून रक्तात उतरणारा रस काढतो, म्हणून लहानपणी बडवलेला एडका सहसा टक्कर देत नाही. मेंढीची आगळ वीण काढते. इतके सोपे असते तर हे काम कधीच संपले असते. ते संपले नाही याला कारण झाला रावसाहेबांचा 'सरदार'.

सरदार हा रावसाहेबांचा टकरीचा एडका. आमच्या जिल्ह्यात त्याच्या तोडीचा एडका नव्हता. त्याने एकदा रावसाहेबांच्या दारवानाचा पाय मोडला, तेव्हा त्याला बडवून शांत करावा असे रावसाहेबांनी ठरवले आणि डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी सांगितले की, कोकरू असताना बडवला असता तर गोष्ट वेगळी होती. हा इतक्या टकरी खेळला आहे की, आता टक्कर त्याच्या डोक्यात उतरली असेल. बडवून ती निघेल याची मी खात्री देत नाही. रावसाहेब म्हणाले, "डॉक्टर, मूळच उपटलं तर झाड कसं उभं राहील?" डॉक्टरांनी मालकाच्या सांगण्याप्रमाणे काम केले.

पुढच्या थंडीत रावसाहेबांच्या बागेत पाहुणे होते. शांत झालेला सरदार दाखवायला त्यांनी त्याला मोकळा सोडवला, आणि पाहुण्यांकडे तोंड करून त्याच्या नव्या स्वभावाविषयी ते बोलू लागले. सरदार मागे गेला. टकरीचा एडका मागे जातो तो पळायला नव्हे, हे सोलापुरात पोरांनाही कळते. रावसाहेबांची पाठ त्याच्याकडे होती. पाहुण्यांनी त्यांना हौदातून बाहेर काढले.

शहर आठवडाभर हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "रावसाहेब, हा एडका मरेल तेव्हा त्याचं डोकं मला द्या. फार मोलाचं आहे." तब्येतीची चौकशी त्यांनी त्यानंतर केली. मला वाटते, त्या दिवसाची खूण रावसाहेबांच्या मनातून अजून पुसलेली नाही.

त्या एका धडकेतून कोंडवाड्यातल्या चार मेंढ्या आल्या. एडक्याचा रस थांबला तरी शिकलेला राग डोक्यात राहतो, हे सरदारने दाखवले. मग मेंढीचे काय? आईचा राग नुसत्या शरीराच्या रसाचा, की तोही डोक्यात मुरतो? डॉक्टरांनी अनेक वेते झालेल्या चार मेंढ्या घेतल्या आणि शस्त्रक्रिया करून त्यांचे बीजकोश काढले. त्या आता विणार नाहीत. त्यांच्यात वीण आणणारा रस नाही. त्या जुन्या सवयी विसरून स्वस्थ व्हाव्यात म्हणून ते थांबले, आणि या हंगामात त्या मेंढ्यांना आईवेगळी कोकरे लावायची असे ठरले.

कोकरू लावण्याची रीत धनगरांची आहे. एखादीचे कोकरू मेले आणि दुसरीकडे एखादे आईवेगळे राहिले, तर मेलेल्याचे कातडे जिवंताच्या अंगावर बांधून त्या मेंढीपुढे धरतात. वासाने ती त्याला आपले म्हणते. वेळापूरकडचा बिरू नावाचा धनगर दरवर्षी आपला कळप घेऊन शहराच्या कडेला उतरतो. त्याच्या कळपात या दिवसांत मेंढ्या विऊ लागल्या आहेत, आणि कोकरे तोच आणणार आहे. कोंडवाड्यातल्या मेंढ्यांची स्वतःची कोकरे नाहीत, म्हणून कातडे न बांधता कोकरू नुसते पुन्हा पुन्हा पुढे धरायचे. त्यांना दूधही नाही. ते शेळीचे पाजायचे. मेंढीने त्याला फक्त आपले म्हणायचे. तसे तिने म्हटले, तर काही दिवसांनी बिरूचा कुत्रा दाराशी आणायचा, आणि ती पळते की पुढे येते ते पाहायचे.

एवढाच प्रयोग. त्याला लागते ती ओळखीची जागा, शांतता आणि हा एक हंगाम. मेंढ्यांचे दात पडले आहेत. पुढच्या हंगामापर्यंत त्या राहणार नाहीत, हे डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मी सांगितल्यामुळे आरोग्य समितीच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे.

डॉक्टरांच्या मायाळूपणाविषयी लिहावे अशी प्रथा आहे, आणि तिथे मला शब्द शोधावे लागत नाहीत. आमच्या पेठेत एका बोळात कुत्री व्याली. येणाऱ्याजाणाऱ्याला चावू लागली. लोक काठ्या घेऊन जमले. डॉक्टर आले आणि बोळाच्या तोंडाशी उपडे घमेले ठेवून त्यावर बसले. दुपार झाली, ते बसूनच. काठ्यावाले कंटाळून जेवायला गेले. ऊन कलल्यावर ते एकेक पिलू उचलून आपल्या टोपलीत ठेवू लागले. तिसऱ्या पिलाला कुत्रीने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. मी धावलो. डॉक्टरांना मी एव्हाना अण्णा म्हणू लागलो होतो.

"बघा अण्णा, म्हणूनच लोक मारायला निघाले होते!"

"तिचं काय चुकलं? मी घाई केली." मग रक्त पुसत म्हणाले, "दोन पिलांपर्यंत तिनं ऐकून घेतलं. तुमच्या घरातली दोन पोरं कुणी उचलली असती, तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?"

अशा माणसावर ही वेळ कशी आली, ते आता सांगतो.

रावसाहेब एका गिरणीचे चालक आहेत. पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या रीळ खात्यातल्या एका बाईच्या अंगावर मुकादमाने हात टाकला. दुसऱ्या दिवशी त्या खात्यातल्या सगळ्या बायका दरवाजात उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचा फेटा काढून घेतला आणि बोडक्या डोक्याने त्याला भर रस्त्यातून घरी पाठवले. याखेरीज काहीही झाले नाही. पण शहरातल्या दिवाणखान्यांतून बायका बिघडल्याची, काळ उलटल्याची आणि शिक्षणाने नाश केल्याची चर्चा सुरू झाली. त्या बायकांपैकी बहुतेकींना सही येत नाही. तरी शिक्षणाचे नाव निघाले.

तेव्हा दिवाळीनंतरच्या व्याख्यानमालेत डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, असे रावसाहेबांनी सुचवले. विषयही दिला : 'निसर्गाने नरास दिलेले शौर्य व मादीस दिलेली सौम्यता'. डॉक्टरांनी निमंत्रण स्वीकारले आणि विषय खोडून त्याजागी 'एडका, मेंढी आणि राग' असे लिहून पाठवले. सभागृह भरले. मागच्या बाकांवर रीळ खात्यातल्या बायकाही येऊन बसल्या. डॉक्टरांनी वर मी सांगितले तेच, अधिक नीट, चित्रे काढून सांगितले. शेवटी रावसाहेब अध्यक्षपदावरून म्हणाले :

"म्हणजे डॉक्टर, सर्वसाधारण मादी ही सौम्य असते, एवढं तर तुम्ही मान्य कराल?"

"सर्वसाधारण मेंढी मला अजून भेटलेली नाही, रावसाहेब. व्यायच्या आधीची भेटते, व्यायल्यानंतरची भेटते. दोघी एकाच कातड्यात असतात."

"आणि माणसांत?"

"माणसांचं मला ठाऊक नाही."

"पण तर्क?"

"तर्कच करायचा असता तर इतकी डोकी कशाला फोडली असती? मेंढ्यांचं मला विचारा. बायकांना तोंड आहे, त्यांचं त्यांना विचारा."

तेवढ्यात मागच्या बाकावरून नरसम्मा उठल्या. त्या रीळ खात्यात जुन्या आहेत. घरात तेलुगू बोलतात, बाहेर आमच्यासारखे.

"डाक्टर, एक इचारू का? मेंढीला मुकादम असतोय का वो?"

डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही. "कुत्रा असतो की, बाई."

सभागृह कोसळले म्हणायचे. पुढच्या रांगेतले वकीलसुद्धा उपरणे तोंडाला लावून हसत होते. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी आभाराचे भाषण केले, डॉक्टरांना हार घातला आणि समारोप केला. त्यानंतर लवकरच आरोग्य समितीपुढे कोंडवाड्याच्या दुर्गंधीची तक्रार आली.

या दुर्गंधीविषयी एकदा स्पष्ट लिहिले पाहिजे. कोंडवाड्याच्या वाऱ्यावर आधी कातडी कमावणाऱ्यांचे खड्डे लागतात. त्यापुढे म्युनिसिपालिटीचा स्वतःचा कचऱ्याचा डोंगर आहे. या दोहोंच्या मधून फॉर्मॅलिनच्या झाकलेल्या बरण्यांचा वास ज्यांच्या नाकाला निवडून घेता आला, त्या नाकाचा खरे तर आपण गौरव करायला हवा होता. तक्रारीवर सही करणाऱ्यांत एक गृहस्थ असे आहेत की, ते कोंडवाड्याच्या बाजूला आयुष्यात कधी गेलेले नाहीत. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "आता अध्यक्षांनीच पुढं केल्यावर नाही कसं म्हणणार? तुम्हीही संसारी आहात."

मी काल रावसाहेबांकडे गेलो तो याचसाठी. त्यांनी चहा मागवला.

"अहो संपादक, डॉक्टरांविषयी मला आदर आहे. शाल मी खास मागवलीय. पैठणहून."

"शालीत मेंढ्या कशा ठेवायच्या, रावसाहेब?"

"चिडू नका. मार्ग आहे. तुमच्या त्या ग्रंथात डॉक्टरांनी चार ओळी लिहाव्यात. मादीची प्रकृती मूळची सौम्य, राग हा विकार. त्यांनीच म्हटलंय की, व्याल्याखेरीज ती शांत असते. तेच जरा नीट शब्दांत. मग ठराव पुढच्या बैठकीपर्यंत राहू द्यायला माझी हरकत नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"सोमवारी सकाळी इन्स्पेक्टर गाडी घेऊन जातील. चहा घ्या, गार होतोय."

मी चहा घेतला नाही, एवढाच माझा पराक्रम. तिथून मी गौरव समितीच्या इतर सभासदांच्या दारी गेलो. एकाने सांगितले की, समारंभ होऊन जाऊ द्या, मग बघू. एकाने सांगितले की, डॉक्टरांनी माघार घेण्यात कमीपणा कसला, चार ओळींचा तर प्रश्न आहे. तिसरे हारांची व्यवस्था पाहत होते. ही सगळी सज्जन माणसे आहेत. यांच्याच सह्या या ग्रंथाच्या निवेदनाखाली आहेत. यांना डॉक्टर हवे आहेत ते खुर्चीवर, गळ्यात हार घातलेले, गप्प. ज्यासाठी हार घालायचा, ते काम त्यांच्या दृष्टीने वासाचे आहे. माणसाचा गौरव करायचा आणि त्याचे काम उकिरड्यावर टाकायचे, ही आमच्या शहराची रीत झाली आहे, आणि ती मोडत नाही तोवर असले ग्रंथ आम्ही छापू नयेत, असे मी या ग्रंथातच लिहून ठेवतो.

रावसाहेबांचा निरोप मी काल दिवे लागताना डॉक्टरांना सांगितला. ते अंगणात मेंढ्यांना कडबा टाकत होते. बिरू भिंतीला टेकून बसला होता. चार ओळींची गोष्ट ऐकून डॉक्टर म्हणाले :

"लिहितो की. का नाही लिहायचं? चारी मेंढ्यांना पिलं लावू, कुत्रं आणू. चौघी मागं सरल्या तर लिहितो, की या चार मेंढ्या मागं सरल्या. सोमवारच्या आधी कसं लिहू?"

"त्यांना मेंढ्यांचं नकोय, अण्णा. बायकांचं हवंय."

"ते मला ठाऊक नाही." मग हातातला कडबा टाकून म्हणाले, "आणि एक सांगतो. त्या दिवशी मी 'कुत्रा असतो' म्हणालो, ते माझं चुकलं. लोक हसले म्हणून बरं वाटलं मला. पण मेंढीवरून मी माणसावर उडी मारली. रावसाहेब जे करू बघतात, तेच मी केलं. फक्त उलट्या बाजूनं."

माझा संयम सुटला. मी म्हणालो, "अण्णा, सोमवारी तुमच्या बरण्या रस्त्यावर येणार आहेत आणि तुम्ही विनोदाची दुरुस्ती करत बसलाय!"

"सुम्म इरप्पा," ते कानडीत म्हणाले. मला गप्प करायचे असले की त्यांना कानडी आठवते. "जागा जायची ती जाईल. चूक राहिली तर ती मीच केलेली राहील. तुमच्या लेखात तेवढं छापा."

ते मी छापले आहे. मला ते पटलेले नाही.

बिरू म्हणाला, "मेंढ्या माज्याकडं देतो म्हनलं तर डाक्टर ऐकंनात. कळपात सोडल्या की संपलं म्हनत्यात. दुसऱ्या मेंढ्या बगून ही बी ढुसन्या देतीय का, का सोताच्या डोक्यानं, ते कळायचं न्हाय म्हनं." कासिमभाईंनी आपले आवार रिकामे करून द्यायचे कबूल केले होते, पण रक्ताचा वास आला की मेंढी कोकराला जवळ करणार नाही, म्हणून तेही राहिले. नरसम्मांनी सूत वाळवायचे अंगण देऊ केले. तिथे दिवसभर पोरे, माग आणि भट्टी. दोन-दोन वर्षे ज्या भिंतींत मेंढी निर्धास्त झाली, त्या भिंती गेल्या की प्रयोग गेला. उरतील त्या चार म्हाताऱ्या मेंढ्या.

डॉक्टरांना साठ वर्षे झाली. अशा वेळी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायचे असते. मी वर्षे मोजत नाही. मी त्यांना हंगाम चिंततो. पुढचा विणीचा हंगाम, त्याच्या पुढचा, आणि त्यानंतरचे कितीतरी. त्यांचे गुडघे घमेल्यावर बसता येण्याजोगे राहोत, डोळे भिंगाला लागत राहोत, आणि 'मला दिसले नाही' असे म्हणण्याची ताकद त्यांच्या आवाजात शेवटपर्यंत राहो. आरोग्य त्यांचे आम्ही चिंतू. त्यांना जागा देणे मात्र चिंतनाने होत नाही. ते ज्यांच्या हाती आहे त्यांना रविवारचा पूर्ण दिवस मोकळा आहे, समारंभाचा वेळ सोडून.

आज सकाळी मी हा मजकूर अर्धा लिहून कोंडवाड्यावर जाऊन आलो. बिरूने परवा पहिले कोकरू आणले होते. चौघींतल्या एका मेंढीने ते दोन वेळा ढकलून दिले, तिसऱ्या वेळी हुंगत राहिली. आज ते तिच्या पोटाशी निजले होते, आणि ती गळ्यातल्या गळ्यात त्याच्याशी बोलत होती. मेंढीचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टर तोंडाला हात लावून मला गप्प राहायची खूण करीत होते. कुत्रा दाखवायला अजून आठवडा जाऊ द्यायला हवा, असे ते नंतर बाहेर येऊन म्हणाले.

तो आठवडा आता नाही. सोमवारी सकाळी इन्स्पेक्टर येतील, बरोबर गाडी आणि चार माणसे असतील, आणि ते दार ढकलतील. डॉक्टर आत असतील, भिंतीला पाठ लावून. ते कुणाला अडवणार नाहीत, असे त्यांनी मला सांगितले आहे. दाराच्या समोर ती मेंढी असेल, तिच्या मागे कोकरू असेल. ती वाट सोडून कोपऱ्यात जाईल, की डोके खाली घालून त्या माणसांच्या पायांवर येईल, हे डॉक्टरांना ठाऊक नाही. जे घडेल ते त्यांना तिथेच पाहायचे आहे, आणि जसे घडेल तसे लिहायचे आहे.